संजय वन : जंगल हवंच, पण त्यासाठी मस्जिद का पडावी?

दिल्लीला जाणारी आपली मंडळी साधारण एकाच वाटेने फिरतात. कुतुबमिनार पाहायचा, मेहरौलीत ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकी (रहि.) यांच्या दर्ग्यावर फातिहा पढायची आणि मग निजामुद्दीन, जामा मस्जिद, चांदणी चौक. कुतुबमिनारच्या पाठीमागे, मेहरौली आणि वसंत कुंज यांच्या मधोमध पावणेआठशे एकरांच्या आसपास पसरलेलं एक जंगल आहे, याची बहुतेकांना कल्पनाच नसते. त्याचं नाव संजय वन.

दिल्लीसारख्या गजबजलेल्या शहरात अशी शांत जागा सापडणं म्हणजे नवलच. गाड्यांचे हॉर्न मागे पडतात आणि मोराचा आवाज येऊ लागतो. नीलगायी दिसतात, संध्याकाळी कोल्हेही बाहेर पडतात. झाडं बहुतेक काटेरी. आपण जिला वेडी बाभूळ म्हणतो, ती विलायती किकर सगळीकडे माजलेली आहे. ती इथली नव्हे, इंग्रजांच्या काळात आणून लावलेली. मूळची झाडं म्हणजे पळस, बोर आणि आपल्या धावड्याचा भाऊबंद असलेला धौ. पायवाटांनी फिरताना मध्येच दगडी तटबंदीचे अवशेष समोर येतात. हे अवशेष लालकोट आणि किला राय पिथौरा यांचे. अनंगपाल तोमर आणि पृथ्वीराज चौहान यांची दिल्ली ती हीच. त्याच झाडीत सूफी बुजुर्गांच्या कबरीही आहेत.

म्हणजे झाडं, तट आणि कबरी इथे शेकडो वर्षं एकत्र नांदत आल्या. मग २०२४ साली असं काय झालं की या जंगलाचं नाव उद्यानांच्या यादीतून उठून न्यायालयांच्या कामकाजात गेलं? ते नीट समजून घेणं आपल्यासाठी गरजेचं आहे, कारण हा प्रश्न दिल्लीपुरता नाही.

३० जानेवारीची पहाट

३० जानेवारी २०२४ रोजी पहाटे दिल्ली विकास प्राधिकरणाचे, म्हणजे डीडीएचे बुलडोझर संजय वनात शिरले. उजाडेपर्यंत अखुंदजी मस्जिद, तिला लागून असलेला बहरुल उलूम मदरसा आणि बाजूचं कब्रस्तान जमीनदोस्त झालं होतं. मदरशात मुलं राहून शिकत होती. थंडीच्या दिवसांत त्यांचं छप्पर गेलं. आगाऊ लेखी नोटीस मिळाली नाही, सामान बाहेर काढायलाही पुरेसा वेळ दिला नाही, असं मस्जिदीशी संबंधित लोकांचं म्हणणं आहे.

डीडीएची बाजू अशी की संजय वन हे रिजचं जंगल आहे, ते राखीव असायला हवं आणि तिथली बेकायदा बांधकामं हटवणं हे आपलं कामच आहे. ४ जानेवारी २०२४ च्या धार्मिक समितीच्या शिफारशीनुसार ही कारवाई केल्याचं डीडीएने उच्च न्यायालयात सांगितलं. ही समिती धार्मिक बांधकामांच्या प्रकरणांत सरकारला सल्ला देते. पाडकामाचा हुकूम देण्याचा अधिकार या समितीला आहे कुठे, असा सवाल वक्फ बोर्डाच्या व्यवस्थापन समितीच्या वतीने करण्यात आला.

मस्जिद किती जुनी होती? बातम्यांत ‘सहाशे वर्षं’ हा आकडा फिरला. आपण आकड्यांच्या मागे न लागता कागद बघू. पुरातत्त्व खात्याचे मौलवी जफर हसन यांनी दिल्लीतील वास्तूंची यादी तयार केली होती. तिचा मेहरौलीचा भाग १९२२ मध्ये छापून आला. त्यात ही मस्जिद नोंदलेली आहे. बांधणीचं साल माहीत नाही, पण हिजरी १२७०, म्हणजे इसवी सन १८५३-५४ मध्ये तिची दुरुस्ती झाली, असं तिथे लिहिलं आहे. जवळची ईदगाह तर तैमूरच्या स्वारीच्या वेळी, १३९८ मध्ये उभी होती, अशी नोंद आहे.

आता हिशोब करा. डीडीएची स्थापना १९५७ ची. रिजला राखीव जंगल करण्याची अधिसूचना मे १९९४ ची. आणि १८५३ मध्ये जिची दुरुस्ती झाली, ती मस्जिद ‘अतिक्रमण’? अतिक्रमण म्हणजे दुसऱ्याच्या जागेत मागून येऊन घुसणं. इथे मागून कोण आलं, हे सालं बघूनच कळतं.

कोर्टात काय झालं

पाडकामाच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ जानेवारीला, दिल्ली उच्च न्यायालयाने डीडीएकडे खुलासा मागितला : मस्जिद कोणत्या आधारावर पाडली आणि आधी नोटीस दिली होती का? ५ फेब्रुवारीला मस्जिदीच्या जागेपुरता ‘जैसे थे’चा आदेश झाला. पण मस्जिद तोवर गेलीच होती. शब-ए-बारातला तिथल्या कबरींवर जाण्याची परवानगी मागितली गेली, ती २३ फेब्रुवारीला नाकारण्यात आली. पुढे रमजानमध्ये त्या जागेवर नमाज पढू देण्याची मागणीही मान्य झाली नाही. जमिनीचा ताबा आता डीडीएकडे आहे, हा त्यातला मुख्य मुद्दा. म्हणजे आधी पाडायचं, मग ताबा घ्यायचा आणि नंतर तोच ताबा कारण म्हणून पुढे यायचा. सामान्य माणसाला हा क्रम उलटा वाटतो आणि त्यात त्याची काही चूक नाही.

दुसरं प्रकरण याच परिसरातल्या दोन जुन्या जागांचं. एक शेख शहाबुद्दीन ऊर्फ आशिक अल्लाह यांचा दर्गा. शिलालेखानुसार तो इसवी सन १३१७ चा. दुसरी बाबा फरीद (रहि.) यांची चिल्लागाह. या जागा वाचवण्यासाठी उच्च न्यायालयात जनहित याचिका आली. संरक्षित स्मारकांना हात लावणार नाही, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं आणि ते नोंदवून फेब्रुवारी २०२४ मध्ये याचिका निकाली निघाली. शहर प्रदूषणाने गुदमरत आहे, तिथे पुरेशी बांधकामं आहेत, आता रिज पुन्हा जंगल होऊ द्या, अशा आशयाचं मतही सुनावणीत व्यक्त झालं.

अडचण ‘संरक्षित’ या एका शब्दात आहे. दिल्लीत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची संरक्षित स्मारकं पावणेदोनशेच्या आसपास. या शहरात जुन्या वास्तू त्याच्या कितीतरी पट आहेत. म्हणजे सातशे वर्षांची कबर असली तरी ती या यादीत नसेल, तर तिच्याविषयी दिलेल्या हमीला अर्थ उरत नाही.

हे प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथे वेगळा सूर लागला. पुरातत्त्व खात्याने या जागांचा इतिहास आणि धार्मिक महत्त्व आपल्या अहवालात मांडलं. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जागांच्या दुरुस्ती व देखभालीवर देखरेख ठेवण्याचा विचार पुरातत्त्व खात्याने करावा, अशी दिशा दिली. नवीन बांधकामाची भर मात्र घालायची नाही. जुनं ते जपा, नवं वाढवू नका. आमच्या मते हाच शहाणपणाचा रस्ता आहे आणि अखुंदजी मस्जिदीसाठीही तो मोकळा होता. फक्त बुलडोझर त्याच्या आधी पोहोचला.

मग फेब्रुवारीत झाडं कोणी तोडली?

जंगल वाचवण्याचा मुद्दा आम्ही हलक्यात घेत नाही. दिल्लीच्या हवेची अवस्था सगळ्यांना ठाऊक आहे. रिज म्हणजे अरवलीची शेवटची सोंड. राजस्थानातून येणारी धूळ अडवणारी आणि पावसाचं पाणी जमिनीत मुरवणारी. एकूण सुमारे ७,७७७ हेक्टर रिज आहे. त्यातला संजय वनाचा दक्षिण-मध्य भाग अवघा ६२६ हेक्टरचा. तो वाचलाच पाहिजे.

पण मग हे बघा. ३० जानेवारीला जंगलासाठी मस्जिद पाडली. त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते. १६ फेब्रुवारी २०२४ पासून त्याच डीडीएने याच डोंगररांगेच्या दक्षिण भागात, सतबरीजवळ, हजाराहून अधिक झाडं तोडायला सुरुवात केली. कशासाठी? निमलष्करी दलांसाठीच्या वैद्यकीय संस्थेकडे जाणारा रस्ता रुंद करण्यासाठी. या झाडांना हात लावण्याआधी सर्वोच्च न्यायालयाची परवानगी लागते. परवानगीचा अर्ज न्यायालयात होता आणि ४ मार्चला तो नामंजूर झाला. पण तोवर झाडं पडून गेली होती, आणि ही गोष्ट न्यायालयाला त्या वेळी सांगितलीही गेली नव्हती. अवमानाचा खटला चालला. २८ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अवमान झाल्याचं मान्य केलं, संबंधित अधिकाऱ्यांना प्रत्येकी २५ हजार रुपये दंड केला आणि १८५ एकरांवर वनीकरण करण्याचे आदेश दिले.

आता दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवा. दोन्हीकडे खातं तेच, डोंगररांग तीच, हिवाळाही तोच. एका ठिकाणी जंगलाच्या नावाने जुनी मस्जिद गेली आणि दुसऱ्या ठिकाणी रस्त्याच्या नावाने जंगलच गेलं. रुग्णालय हे समाजाच्या कामाचं आहे हे खरं. पण मग मस्जिद आणि कब्रस्तान समाजाच्या कामाचं नाही का? ही कारवाई एका धर्माविरुद्ध नव्हती, बेकायदा बांधकामांविरुद्ध होती, असं सांगितलं जातं. क्षणभर तेही मान्य करू. तरी प्रश्न उरतोच : जंगलाचा कायदा कमजोरासाठी एक आणि खात्याच्या स्वतःच्या कामासाठी दुसरा असतो का?

जंगल आणि वारसा एकत्र राहू शकतात

याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. संजय वनापासून थोड्याच अंतरावर, कुतुबमिनारच्या पलीकडे, मेहरौली पुरातत्त्व उद्यान आहे. साधारण दोनशे एकर झाडी आणि तिच्यात जमाली कमाली मस्जिद, बल्बनची कबर, राजों की बावली. हे उद्यान उभं करण्यात डीडीएचाच हात होता. तिथे झाडांमुळे वास्तू पाडाव्या लागल्या नाहीत आणि वास्तूंमुळे झाडंही गेली नाहीत.

दुसरं उदाहरण हुमायूनच्या मकबऱ्याशेजारची सुंदर नर्सरी. एकेकाळी दुर्लक्षित रोपवाटिका होती. आगा खान ट्रस्टने सरकारी संस्थांबरोबर काम करून ती सावरली आणि २०१८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. नव्वद एकरांत मुघलकालीन १५ वास्तू आणि सुमारे तीनशे जातींची झाडं. आज दिल्लीकर कुटुंबं डबा घेऊन तिथे दिवस काढतात. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी शीख. जुन्या घुमटाच्या सावलीत बसताना कुणाला अतिक्रमण आठवत नाही.

म्हणजे ‘एक तर झाड, नाही तर मस्जिद’ हा पेच खोटा आहे. संजय वनात जुनी मस्जिद तेवढी राखून, नंतर वाढवलेल्या खोल्यांबद्दल नोटीस देऊन, मुलांची सोय दुसरीकडे करून प्रश्न सुटू शकला असता. त्याला वेळ लागला असता, बैठका घ्याव्या लागल्या असत्या, एवढंच.

कायदा काय सांगतो

सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी सार्वजनिक जागांवर नवीन अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ देऊ नका, असा आदेश दिला. आधीपासून असलेल्या बांधकामांचा विचार राज्यांनी प्रकरणनिहाय करावा, असं त्यात आहे. प्रत्येक प्रकरण वेगळं बघायचं, हा त्याचा गाभा. सरसकट पाडा, असं तो आदेश म्हणत नाही.

पुढे १३ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘बुलडोझर’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले : किमान १५ दिवसांची नोटीस, बाजू मांडण्याची संधी, कारणांसह लेखी आदेश आणि पाडकामाचं चित्रीकरण. पण रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी वा जलाशय अशा सार्वजनिक जागांवरची अनधिकृत बांधकामं आणि न्यायालयाच्या आदेशाने होणारी पाडकामं यांना हे नियम लागू नाहीत. ही सूट नीट लक्षात ठेवा. उद्या आपल्या गावात ‘ही सार्वजनिक जागा आहे’ एवढं म्हटलं की नोटिशीची गरज नाही, असा अर्थ काढला जाऊ शकतो.

तिसरी गोष्ट वक्फची. २०२५ च्या दुरुस्ती कायद्यानंतर केवळ वर्षानुवर्षांच्या वापरावरून नवीन वक्फ मानलं जाणार नाही. कायदा लागू होण्याआधी ज्यांची नोंदणी झाली त्या जागा वक्फ राहतील, पण मालकीचा वाद असेल किंवा जमीन सरकारी असेल तर तेही नाही. संजय वनासारख्या जागांचं नेमकं हेच दुखणं आहे. मस्जिद जुनी असते, जमीन नंतर कुठल्या तरी खात्याच्या नावावर चढते आणि कागद बोलू लागला की शेकडो वर्षांची नमाज गप्प होते.

आपल्या दारात

दिल्लीचं हे सगळं मराठी मुसलमानाने का वाचावं? एक तर आपलं नातं थेट आहे. बख्तियार काकी मेहरौलीत विसावले. त्यांचे खलीफा बाबा फरीद, त्यांचे निजामुद्दीन औलिया आणि त्यांचे मुरीद बुरहानुद्दीन गरीब, जे दौलताबादला आले आणि आज खुलदाबादला आराम करताहेत. ज्या सिलसिल्याची एक खूण संजय वनाच्या झाडीत आहे, तिचंच एक टोक आपल्या दख्खनमध्ये आहे.

दुसरं कारण व्यवहाराचं. आपल्याकडेही डोंगरावरचे दर्गे, गडावरच्या कबरी, वनखात्याच्या हद्दीतल्या ईदगाह कमी नाहीत. तेव्हा प्रत्येक जमातीने चार कामं आजच हाती घ्यावीत, असं आम्हाला वाटतं.

पहिलं, कागद गोळा करा. सातबारा, जुनी इनामपत्रं, सिटी सर्व्हेचे उतारे, वक्फ बोर्डाची नोंद, राजपत्र, जुने फोटो, वीजबिलं. एक संच मस्जिदीत, एक वकिलाकडे, एक मोबाइलमध्ये. अखुंदजी मस्जिदीच्या बाजूने आज सगळ्यात ठामपणे उभी आहे ती १९२२ ची छापील नोंद, हे विसरू नका. वक्फच्या केंद्रीय पोर्टलवर आपल्या जागेचा तपशील चढला आहे की नाही, तेही मुतवल्लींना विचारा.

दुसरं, जुन्या वास्तूला जुनीच राहू द्या. हे आपल्याला कडू लागेल, पण बोललं पाहिजे. भक्तीच्या भरात आपण जुन्या कबरीवर चकचकीत फरशा लावतो, पत्रे टाकतो, सिमेंटच्या खोल्या वाढवतो. हेतू चांगला असतो, पण वास्तूचं वय पुसलं जातं आणि उद्या ‘हे तर नवीन बांधकाम’ म्हणायला कुणालाही संधी मिळते. आशिक अल्लाहच्या दर्ग्याच्या प्रकरणातही पुरातत्त्व खात्याने नंतरच्या दुरुस्त्यांमुळे जुनेपणाला बाधा आल्याचं म्हटलं होतं. दुरुस्ती करायचीच तर जाणकाराला विचारून.

तिसरं, झाडांच्या बाजूने आपण आधी उभं राहायला हवं. एखाद्याने रोप लावलं आणि त्याचं फळ माणसाने, जनावराने किंवा पाखराने खाल्लं, तर ते त्याच्या नावे सदका ठरतं, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण मुलांना सांगतो. मदीना शरीफच्या हद्दीतली झाडं तोडायला त्यांनी मनाई केली होती. मग आपली कब्रस्तानं उघडी बोडकी का? तिथे कडुनिंब, करंज, वड लावा. जंगल आणि मुसलमान एकमेकांच्या विरुद्ध उभे आहेत, हे चित्र कुणी रंगवत असेल तर त्याला हिरव्यागार कब्रस्तानासारखं दुसरं उत्तर नाही.

चौथं, जा आणि बघा. दिल्लीला जाल तेव्हा कुतुबमिनारबरोबर दोन तास संजय वनालाही द्या. कुतुबमिनार मेट्रो स्टेशनवरून रिक्षाने थोड्या वेळात पोहोचता येतं. सकाळी जा, एकटे जाऊ नका, पाणी बरोबर घ्या, प्लास्टिक परत आणा. पावसाळ्यानंतर रान हिरवं असतं आणि थंडीत चालायला बरं. मुलांना लालकोटची तटबंदी दाखवा, आशिक अल्लाहचा दर्गा कुठे ते विचारा. तोमर, चौहान, सुलतान, सूफी हे सगळे एकाच रानात कसे आहेत, ते त्यांना सांगा. ज्या जागी लोकांची ये-जा असते, त्या जागेला ‘बेवारस’ म्हणणं अवघड जातं.

अखुंदजी मस्जिद परत उभी राहील की नाही, हे न्यायालय ठरवेल. तोवर आपलं म्हणणं साधं आणि सरळ असू द्या : जंगल आम्हालाही हवं, कायदाही हवा. फक्त तो मस्जिदीसाठी, मंदिरासाठी, झाडासाठी आणि सरकारी खात्यासाठी एकच असावा. बुलडोझर येण्याआधी नोटीस यावी आणि नोटिशीला उत्तर द्यायला आपल्या हातात कागद असावा. पहिली गोष्ट सरकारकडून मागायची आहे, दुसरी आपण स्वतः करायची आहे.